शेवट कुणाला सांगू नका

फ्रेंच दिग्दर्शकाच्या सिनेमांचा महोत्सव म्हटलं की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येतं. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, नाहीतर मुंबईत प्रभात चित्र मंडळाचा खेळ. झब्बा, शबनम, पांढरी होत चाललेली दाढी. सिनेमा संपला की पाच मिनिटं कुणी तोंड उघडत नाही, कारण पहिला जो बोलेल त्यालाच सिनेमा कळला नाही हे सिद्ध होण्याचा धोका असतो. संग्रहालय १९६४ सालचं, मंडळ १९६८ सालचं. एवढ्या वर्षांत या मंडळींनी जपान पचवला, इराण पचवला, हंगेरीसुद्धा पचवली. पण त्यातला एकही सिनेमा वारंगा फाटा ओलांडून आमच्याकडे आला नाही. फाट्यावर खिचडी खायला थांबला असेल तर सांगता येत नाही. तिथं थांबलेला माणूस लवकर उठत नाही.

तर सध्या कळमनुरीत आमच्या चारचौघांच्या डोक्यात एक खूळ शिरलंय. आन्री-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचे तीन सिनेमे गावात दाखवायचे. दर शनिवारी रात्री एक. पांढरा पडदा, मोबाइलच्या दुकानवाल्या पोराचा प्रोजेक्टर, मंडपवाल्या मामांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रवेश फुकट. ही बातमी फुटल्यावर गावातून पहिला प्रश्न आला तो असा : "क्लूझो कोण? कुणाचा पाहुणा?"

प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे माणूस कोण आहे यापेक्षा तो कुणाचा आहे हे आधी विचारतात. क्लूझो कुणाचाच नव्हता, हीच त्याची अडचण होती. जन्म १९०७ चा, नियोर नावाच्या गावातला. मृत्यू १९७७ चा, पॅरिसमधला. सिनेमे मोजायला बसलं तर डझनही भरत नाही. पण १९५३ साली त्याच्या एका सिनेमानं कानचं सर्वोच्च बक्षीस आणि बर्लिनचं सोनेरी अस्वल अशी दोन्ही एकाच वर्षी पटकावली. आणि ज्या बोआलो-नार्सजाक या लेखकजोडीच्या कादंबरीवर हिचकॉकचा डोळा होता म्हणतात, ती यानं त्याच्या आधी उचलली. मग त्याच जोडीच्या दुसऱ्या कादंबरीवर हिचकॉकनं १९५८ साली 'व्हर्टिगो' काढला. म्हणजे आज जगातले जाणकार ज्या सिनेमापुढे हात जोडतात, तो एका अर्थी हुकलेल्या सौद्यातून निघालेला आहे. हे ऐकल्यावर आमच्या मोंढ्यातल्या अडत्यांना क्लूझोबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

विरोध झाला तो गुरुजींकडून. गुरुजी निवृत्त आहेत, पण फक्त पगारातून. ते म्हणाले, "फ्रान्सला जायची गरज काय? आपल्याकडं बाबूराव अर्नाळकर आहेत, नारायण धारप आहेत. राजाभाऊ परांजप्यांचा 'पाठलाग' आहे १९६४ चा. त्याच्यावरून हिंदीवाल्यांनी 'मेरा साया' काढला. ते आपलं उचलायलेत अन् तुम्ही फ्रेंचांचं आणायलेत!"

यावर माझं उत्तर असं की सिनेमा ही वस्तूच मुळात फ्रेंचांनी आपल्या दारात आणून टाकलेली आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या माणसानं पहिला खेळ केला. तेव्हा कळमनुरी निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे मुंबईच्या वर्तमानपत्रातली जाहिरात आमच्या पूर्वजांच्या वाचनात आली नसावी. उशीर झाला एवढंच. आमच्याकडे उशीर हे कुठलंही काम न करण्याचं कारण कधीच नव्हतं.

दुसरा आक्षेप नेहमीचा : "हे आपल्या लोकांना कळणार नाही." हा आक्षेप घेणारा माणूस नेहमी स्वतःला 'आपल्या लोकां'मधून वगळून बोलतो, हे एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याला मी कर्नाटकातल्या हेग्गोडूचं उदाहरण देतो. शिमोगा जिल्ह्यातलं सुपारीच्या बागांचं खेडं. तिथं के. व्ही. सुब्बण्णा नावाच्या बागायतदार लेखकानं 'नीनासम' ही नाटकवाल्यांची संस्था वाढवली आणि सत्तरच्या दशकात गावकऱ्यांना चक्क जगातले अभिजात सिनेमे दाखवायला सुरुवात केली. कुरोसावा, डी सिका, सत्यजित राय. मदतीला सिनेमा शिकवणारे पुण्याचे सतीश बहादूर. गावकऱ्यांना सिनेमे कळले. न कळायला काय झालं? सायकल चोरीला गेल्यावर माणसाचं काय होतं हे समजायला इटालियन यावं लागत नाही, सायकल असावी लागते. सुब्बण्णांना पुढे १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीवाल्यांना जे जमलं ते आमच्याकडच्या हळदीवाल्यांना का जमू नये?

पण मी क्लूझोच का धरून बसलो, त्याला कारण आहे. तो तालुक्याच्या गावाचा दिग्दर्शक आहे. पॅरिसचे मनोरे, नदीकाठची चुंबनं वगैरे भानगड त्याच्याकडे जवळजवळ नाही. त्याला आवडतं ते लहान गाव, जिथं सगळे एकमेकांना ओळखतात आणि म्हणून कुणाचाच कुणावर भरवसा नाही. १९४३ च्या 'ल कॉर्बो', म्हणजे 'डोमकावळा' या सिनेमाच्या सुरुवातीलाच पाटी येते की हे एक लहान गाव आहे, इथलं किंवा कुठलंही. आता 'कुठलंही' म्हटल्यावर कळमनुरीनं काय समजायचं?

या सिनेमात गावातल्या लोकांना निनावी पत्रं येऊ लागतात. खाली सही 'डोमकावळा'. पहिलं पत्र डॉक्टरविरुद्ध : बाईची भानगड आहे, नको ती ऑपरेशनं करतो. मग हळूहळू सगळ्यांविरुद्ध. अंत्ययात्रेत गाडीवरच्या फुलांतून पत्र गळून पडतं. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना वरच्या सज्जातून एक पत्र तरंगत, गिरक्या घेत खाली येतं आणि माना वर करून सगळं गाव त्याच्याकडे बघत राहतं. मुंबईचा प्रेक्षक हा प्रसंग बघून प्रतीकं शोधील. आमचा प्रेक्षक म्हणेल, "पोस्टानं पाठवायला पाहिजे होतं. पोच मिळते."

कारण निनावी अर्ज हा आमच्याकडचा भरभराटीला आलेला साहित्यप्रकार आहे. त्याला रचना आहे. वर उजव्या कोपऱ्यात तारीख नसते. विषय : 'गैरव्यवहाराची सखोल चौकशी होणेबाबत'. 'सखोल' हा शब्द सुटला तर अर्ज कच्चा. मग 'उपरोक्त विषयी विनंतीपूर्वक अर्ज करतो की'. इथं एकवचनी 'करतो' आणि खाली सही 'समस्त गावकरी'. त्याखाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून जिल्हाधिकाऱ्यांपासून राष्ट्रपतींपर्यंत यादी, आणि शेवटी 'टीप : अर्जदाराचे नाव गुप्त ठेवावे'. ठेवायला नाव दिलेलंच नसतं, पण ठेवावे.

सिनेमात डोमकावळा कोण हे शोधता शोधता दीड तास जातो. आमच्याकडे तो शोध चहा गार होईपर्यंत टिकत नाही. 'ळ'ची शेपटी बघून लोक नाव सांगतात. क्लूझोनं एक नामी प्रसंग घातला आहे : सगळ्या संशयितांना शाळेच्या वर्गात बाकांवर बसवून तासन्‌तास शुद्धलेखन घालतात, थकल्यावर तरी खरं अक्षर बाहेर येईल म्हणून. हा प्रसंग गुरुजींना सांगितला आणि तिथंच त्यांचा विरोध मावळला. म्हणाले, "तो सिनेमा पहिल्या शनिवारी ठेवा. या गावातल्या तीन पिढ्यांची अक्षरं मी ओळखतो. कोण 'चौकशी'ची 'शी' ऱ्हस्व काढतो, तेही माहिती आहे." तेव्हापासून मोंढ्यातले दोन-तीन प्रतिष्ठित लोक त्या शनिवारी परगावी लग्नाला जायचं म्हणायलेत.

या सिनेमापायी क्लूझोचं पुढे जे झालं, ते गावकीच्या राजकारणात ज्यानं कधी पाय ठेवला असेल त्याला समजावून सांगायला नको. सिनेमा काढला तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होतं आणि पैसा कॉन्टिनेंटल या जर्मन मालकीच्या कंपनीचा. त्या काळात शेजाऱ्याविरुद्ध निनावी पत्र टाकणं हा घराघरातला उद्योग, त्यामुळे सिनेमा झोंबला. सरकारधार्जिणे चिडले, कारण देशाची बदनामी. सरकारविरोधी चिडले, कारण तीच. युद्ध संपल्यावर सिनेमावर बंदी आली आणि क्लूझोवर आजन्म बहिष्कार. नंतर तो दोन वर्षांवर आला आणि १९४७ मध्ये माणूस पुन्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला. दोन्ही पार्ट्यांनी मिळून एकाच माणसाला पाडायचं, हा प्रयोग आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत नियमित होतो.

त्याच सिनेमात दिव्याचा एक प्रसंग आहे. रिकाम्या वर्गात दोन डॉक्टर. म्हातारा डॉक्टर लोंबता दिवा हातानं ढकलतो. उजेड इकडून तिकडे, सावली तिकडून इकडे. तो विचारतो की चांगलं कुठं संपतं, वाईट कुठं सुरू होतं, तू यातल्या कुठल्या बाजूला आहेस? तरणा डॉक्टर म्हणतो, दिवा थांबवला की झालं. थांबवायला जातो आणि बोटं भाजून घेतो. मी हा प्रसंग किती वेळा बघितला असेल, पण त्या भाजलेल्या बोटांशी आलो की हसू गळ्यात अडकतं. मोबाइलवाल्या पोराला मात्र काळजी वेगळीच. तो म्हणाला, "काका, अंधार-उजेड व्हायला लागला की लोक समजतील लाइटच गेली. उठून घरी जातील." म्हणून त्या जागी सूचना द्यायचं ठरलंय : 'दिवा सिनेमातला आहे, बसून राहा.'

दुसरा शनिवार 'ले दियाबोलिक'चा, साल १९५५. हिचकॉकच्या आधी उचललेली ती कादंबरी हीच. हा खास वसतिगृहात शिकलेल्यांसाठी. गावाबाहेरची निवासी शाळा, कंजूष आणि दुष्ट मुख्याध्यापक, त्याची हृदयविकाराची बायको, आणि त्याच शाळेतली शिक्षिका, जी त्याची ठेवलेली आहे. बायको आणि ठेवलेली बाई दोघी मिळून त्याचा काटा काढायचं ठरवतात. मासे शिळे झालेत, वास मारतोय, तरी मुख्याध्यापक तेच मुलांना वाढायला लावतो आणि सगळ्या पंगतीसमोर बायकोला घास गिळायला लावतो. क्लूझोनं नटांना खरोखरच नासके मासे खायला लावले असं सांगतात. आमच्याकडे जो कुणी वसतिगृहात पाण्यासारखी डाळ खाऊन दहावी झाला, तो या प्रसंगानंतर खून व्हायची वाटच बघेल. खून होतो. प्रेत शाळेच्या हिरव्या, घाणेरड्या पाण्यानं भरलेल्या हौदात टाकतात. हौद उपसतात, तर प्रेत नाही! मग लाँड्रीतून मेलेल्या माणसाचा सूट इस्त्री होऊन परत येतो. पुढचं मी सांगत नाही.

सांगत नाही, कारण सिनेमाच्या शेवटी क्लूझोनं पडद्यावर प्रेक्षकांना हात जोडले आहेत : तुम्ही असे सैतान होऊ नका, काय बघितलं ते मित्रांना सांगून त्यांची मजा घालवू नका. फ्रान्समध्ये ही विनंती पाळली गेली असेल. कळमनुरीत तिची गाठ कशाशी आहे, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

आमच्याकडे 'कुणाला सांगू नको' हे बातमीचं पहिलं वाक्य असतं. ते नसेल तर ऐकणारा ती बातमी पुढे नेण्याच्या लायकीची समजत नाही. सिनेमा रात्री अकराला सुटला तर पहाटे दुधाबरोबर शेवट घरोघर पोचेल. आठपर्यंत हिंगोलीच्या एस.टी.त, दुपारी बाळापूरच्या बाजारात. आणि सांगणारा अगदी इमानदारीत सांगेल : "शेवट मी सांगत नाही बरं का. फक्त त्या हौदाकडं लक्ष ठेव. अन् नवऱ्याकडं. अन् बायकोच्या छातीकडं, म्हणजे दुखायलंय का नाही ते." झालं. उरलं काय?

मंडपवाले मामा म्हणतात, शेवट फुटला तरी बिघडत नाही. त्यांचं म्हणणं मला पटायला लागलंय. आमच्या जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाला नामदेवांसाठी देऊळच्या देऊळ फिरलं, ही कथा आम्ही पाळण्यात ऐकतो. ज्यांच्या कथेत देऊळ फिरतं, त्यांना शेवटच्या पाच मिनिटांत एखादं पात्र फिरलं याचं काय कौतुक? रामलीलेत रावण मरणार हे माहीत असूनही हिंगोलीच्या दसऱ्याला गर्दी होतेच की. खुद्द हिचकॉकनं १९६० मध्ये 'सायको'ला उशिरा येणाऱ्यांना आत सोडायचं नाही असा नियम लावला. आमच्याकडे तो नियम लावला तर अध्यक्षच बाहेर राहतील.

अध्यक्षांवरून आठवलं. उद्घाटनाची पत्रिका अजून छापलेली नाही, कारण नावांचा क्रम ठरत नाही. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन (क्लूझोची प्रतिमा, हार झेंडूचा), सत्कार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं, आभार. हे सगळं धरून सिनेमा रात्री साडेदहाला सुरू होतो, असा हिशोब निघाला. भाषेचा प्रश्न त्यामानानं लगेच सुटला. संवाद फ्रेंच, खालच्या पट्ट्या इंग्रजी. गुरुजी माइकवरून मराठीत सांगणार. नामदेवांच्या नरसीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना निरूपण करणारा माणूस शोधावा लागत नाही, थांबवावा लागतो.

तिसरा शनिवार मोठा. 'ल सालेर द ला पर', १९५३. भीतीची मजुरी. याचा पहिला तास तर आमच्या एस.टी. स्टँडवर काढल्यासारखाच आहे. दक्षिण अमेरिकेतलं उकाड्याचं गाव, काम नाही, धंदा नाही. माणसं सावलीत बसून आहेत. निघून जायचंय, तिकिटाला पैसे नाहीत. अगदी पहिल्याच चित्रात एक उघडं पोरगं दोऱ्याला झुरळं बांधून खेळवतंय. शहरातल्या प्रेक्षकाला हा तास लांबतो. तिथले लोक म्हणतात, गोष्ट सुरू कधी होणार? आमच्याकडच्या पोरांची पदवी होऊन, डी.एड. होऊन, भरतीचे फॉर्म भरून तोच प्रश्न चालू आहे. त्यांना पहिला तास लांब वाटणार नाही.

मग तेलाच्या विहिरीला आग लागते, गावापासून पाचशे किलोमीटरवर. ती विझवायला नायट्रोग्लिसरीन लागतं. कंपनी दोन ट्रक आणि चार माणसं ठरवते. माणशी दोन हजार डॉलर, पोचलात तर. रस्ता खड्ड्यांचा, आणि एक धक्का बसला की ट्रकसकट माणूस आकाशात. आमच्या तालुक्यातल्या विहिरी सुरुंगानं फोडणारे एक ब्लास्टिंगवाले काका आहेत. त्यांनी गोष्ट ऐकली आणि कपाळाला हात लावला. "पातळ नायट्रो? डब्यात? ट्रकात? अरे, जिलेटिनच्या कांड्या न्यायच्या! हे डायरेक्टर लोक विचारत नाहीत कुणाला." त्यांना सांगावं लागलं की आल्फ्रेड नोबेलनं १८६७ सालीच त्या द्रवात माती कालवून डायनामाइटचं पेटंट घेतलं होतं, पण ते वापरलं असतं तर सिनेमा पंधरा मिनिटांत संपला असता. काका म्हणाले, "संपू द्या ना. चार माणसं वाचली असती."

रस्त्याचा एक पट्टा असा आहे की त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या. त्यावरून एकतर मुंगीच्या पावलानं जायचं नाहीतर भरधाव. मधला वेग धरला की कडेलोट. ही युक्ती टेंपोवाल्यांना कळल्यावर ते म्हणाले, यात सिनेमा काय, हे तर आम्ही हळद घेऊन वसमतला जाताना करतो. आणि नंतरचा तो तंबाखूचा क्षण. मागच्या ट्रकातला म्हातारा कागदावर तंबाखू पसरून सिगारेट वळतोय. एकाएकी तंबाखू कागदावरून फुर्रकन उडून जाते. आवाज नाही, काही नाही. मग डोळ्यांपुढे पांढरा लखलखाट. पुढचा ट्रक गेला. दोन माणसं मारायला क्लूझोला चिमूटभर तंबाखू पुरते. आमच्याकडे तळहातावर तंबाखू मळत सिनेमा बघणारी निम्मी पंगत असणार. त्या क्षणी किती जणांचा चुना सांडतो ते मला बघायचंय.

आता फक्त मध्यंतराचा वाद राहिला आहे. हा सिनेमा अडीच तासांचा आणि फ्रेंचांनी त्यात मध्यंतर ठेवलेलं नाही. त्यांच्याकडे बहुधा भजी नसतात. चहाच्या हॉटेलवाल्यानं जनरेटरचं डिझेल आपल्याकडून द्यायचं कबूल केलंय, पण अट एकच : मध्यंतर तो म्हणेल तिथं. त्यानं मोबाइलवर सगळा सिनेमा दोनदा बघून जागासुद्धा नक्की केली आहे. डोंगरातलं वळण आहे, ट्रक एका दमात वळत नाही, म्हणून दरीवर काढलेल्या कुजक्या लाकडी फळ्यांवर तो मागे घ्यावा लागतो. चाकं घसरतात, फळी मोडते, दोर ताणला जातो. तिथं.

"तिथं नको," गुरुजी कळवळले. "अहो, तो जीव मुठीत धरून बसलाय. लोक भजे कसे खातील?"

"दुसरं काही सुचणारच नाही त्यांना," हॉटेलवाला म्हणाला. "घरी कुणी जाणार आहे का, सांगा? ट्रक रिव्हर्स घ्यायला लागला की मी कढई चढवतो. फळी मोडली की लाइट लावा. पहिला घाणा तेवढ्यात निघतो."

ब्लास्टिंगवाले काका म्हणाले, "मिरच्यांचे पण काढ."